कवळीतला माइक

बुद्धभूषण गांगुर्डे दात बनवायचा. खोटे. नाशिकरोडला, जेल रोडच्या एका गाळ्यात त्याची लॅब होती. आसपासचे डेंटिस्ट पेशंटच्या जबड्यांचे साचे त्याच्याकडे पाठवायचे आणि साच्यावरून भूषण कवळी करून द्यायचा. कवळी नीट बसली की पेशंट डॉक्टरांचे आभार मानायचे, आणि नाही बसली की डॉक्टर भूषणचं नाव सांगायचे. भूषणला त्याचं काही वाटत नसे. आपण पडद्यामागचे कलाकार आहोत असं त्याने ठरवून टाकलं होतं. दुसरं कुणी तसं कधी म्हणालं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वडील नोट प्रेसमधून रिटायर होऊन वारलेले. उपनगरात त्यांनी बांधलेलं छोटं घर होतं. घरात आई विमलाबाई, बायको स्नेहल आणि भूषण. स्नेहल बालवाडीत शिकवायची. रविवारी सगळे विहारात वंदनेला जायचे. भूषणचा आवाज गोड आणि स्वच्छ, म्हणून पंचशील म्हणायला त्याला पुढे उभं करत. कुठलीही नशा करणार नाही हे पाचवं शील तो असं ठणठणीत म्हणायचा की ज्यांची शनिवारची अजून उतरलेली नसे ते मागच्या रांगेतले दोघं-तिघं माना खाली घालत. पुढे व्यसनमुक्ती केंद्रात हे सांगताना भूषण म्हणायचा, ‘‘त्यांना मी वरून बघायचो हो. चांगला उंचावरून. म्हणून तर पडल्यावर एवढं लागलं.’’

झालं ते लग्नसराईत. लग्नसराईत सोनारापेक्षा दातवाल्याकडे गर्दी जास्त असते, हे लोकांना माहीत नसतं. नवरीच्या आजीला फोटोत हसायचं असतं, नवरदेवाच्या मामाला मटण खायचं असतं, आणि दोघांनाही दात हळदीच्या आत हवे असतात. त्या वर्षी भूषणने सगळ्यांना होकार दिला होता. नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे. रात्री जागून काम करताना डोळे मिटायला लागले तेव्हा एका जुन्या वर्गमित्राने त्याला क्रिस्टल दिलं. बारीक काचेच्या खड्यांसारखं काहीतरी, प्लास्टिकच्या इवल्याशा पिशवीत.

‘‘चहाच समज,’’ मित्र म्हणाला. ‘‘जरा कडक.’’

भूषण बारावी सायन्स होता. चहा खड्यांत मिळत नाही एवढं त्याला कळत होतं. पण थकलेल्या माणसाला पटायला फार लागत नाही.

पहिल्या खेपेला त्याने जे काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. झोप नाही, भूक नाही, हात मशीनसारखे चाललेले आणि डोक्यात दिवाळी. सकाळी त्याने स्नेहलला फोन करून लॅबमध्ये बोलावलं, तिच्या हातात भिंग दिलं आणि एक दाढ बघायला लावली. दाढेवरच्या खाचा त्याने खऱ्या दाढेसारख्या कोरल्या होत्या. हिरडीच्या गुलाबी भागावर बारीक शिरासुद्धा काढल्या होत्या.

‘‘छान आहे,’’ स्नेहल म्हणाली. ‘‘पण एवढ्या मागची दाढ कुणाला दिसणार?’’

त्यावर भूषणने कला, निष्ठा आणि अजिंठ्याचे शिल्पकार या विषयावर तिला उभ्या उभ्या भाषण दिलं. तिची बालवाडीची वेळ टळून गेली. तो थांबेना, तेव्हा ती भिंग टेबलावर ठेवून निघून गेली आणि भूषण उरलेलं भाषण साच्यांना देत राहिला.

पहिले काही आठवडे त्याचं बरंच चाललं होतं, निदान दिसायला. पोट उतरलं. गल्लीतले लोक विचारायला लागले, काय डाएट करतोस? भूषणने सांगितलं, सकाळी लिंबूपाणी. त्याच्या भरवशावर गल्लीतल्या बायकांनी लिंबूपाणी सुरू केलं आणि वजन उतरेना तेव्हा त्या स्वतःलाच दोष देऊ लागल्या.

मग लग्नसराई संपली, काम कमी झालं, पण क्रिस्टल सुटलं नाही. आता ते कामासाठी लागत नव्हतं, अंथरुणातून उठण्यासाठी लागत होतं. घेतलं की दोन-दोन दिवस झोप नाही, उतरलं की मेल्यासारखी झोप, आणि जागा असला की चिडचिड. तोंडाला सतत कोरड. दात आपोआप एकमेकांवर घासले जायचे, इतके की विमलाबाई म्हणायच्या, घरात उंदीर झालेत का बघ. ते उंदीर भूषणच्या तोंडात होते. त्याचे स्वतःचे दात कडेने झिजायला, मग तुटायला लागले. साऱ्या नाशिकरोडचे दात करणारा माणूस तोंडाला मास्क लावून हिंडू लागला. कुणी विचारलं तर ‘प्लास्टरची धूळ’ म्हणायचा. डेंटिस्टकडे त्याचं रोजचं जाणं-येणं होतं, पण एकाही डेंटिस्टसमोर त्याने तोंड उघडलं नाही.

पुढे त्याला कातडीखाली काहीतरी चालतंय असं वाटू लागलं. दंड खाजवून खाजवून त्याने जखमा करून घेतल्या. आणि वस्तू उघडायचा नाद लागला. आधी मिक्सर, मग इस्त्री, मग टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, मग पंख्याचा रेग्युलेटर. घरात कुणीतरी ऐकण्याचं यंत्र बसवलंय अशी त्याची खात्री झाली होती. प्रत्येक वस्तूचे स्क्रू तो वेगवेगळ्या वाटीत नीट लावून ठेवायचा. जोडणी मात्र एकाही वस्तूची पूर्ण झाली नाही.

‘‘मिक्सर राहू दे बाबा,’’ विमलाबाई म्हणाल्या. ‘‘मी पाट्यावर वाटते. पण तू झोप.’’

तो झोपला नाही. पाट्याखाली काही आहे का तेवढं बघून घेतलं.

असे काही महिने गेले आणि एक दिवस स्नेहल बॅग भरून मनमाडला माहेरी गेली. का गेली, हे भूषणने तिला विचारलं नाही. त्याच्या हिशेबात ती ‘त्यांना’ जाऊन मिळाली होती. ‘ते’ कोण, हे अजून ठरायचं होतं.

ते ठरलं कुसाबाईंमुळे.

कुसाबाई म्हणजे पळसे गावातल्या एक म्हाताऱ्या बाई. त्यांची वरची-खालची पूर्ण कवळी भूषणने ऐन भरात असताना केली होती. तीच ती, शिरा कोरलेली. एका सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला की तो क्रिस्टलवाला मित्र ती कवळी होत असताना लॅबमध्ये बसला होता. आणि कुसाबाईंचा पुतण्या पोलिसात होता. भूषणला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. माइक कवळीत होता. म्हातारी जेवायला तोंड उघडते तेव्हा आपला गाळा साऱ्या पोलीस खात्याला ऐकू जातो. म्हातारी पळशाला आणि गाळा जेल रोडला, मधे एवढं अंतर, हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. माइक भारी असणार, असं त्याने त्याचं उत्तर काढलं.

तो स्कूटर काढून पळशाला गेला. कुसाबाईंच्या दारात मांडव होता, नातीचा साखरपुडा होता आणि पंगत बसली होती. भूषण चपला काढून, पंगतीच्या मधून, कुणाच्या पानाला पाय न लावता नीट चालत कुसाबाईंसमोर जाऊन उकिडवा बसला.

‘‘आजी, जरा दात द्या. तपासायचेत.’’

कुसाबाईंना वाटलं, काय पोरगं आहे, कार्याच्या दिवशी घरी येऊन चौकशी करतंय. त्यांनी कवळी काढली, पेल्यातल्या पाण्यात खळबळली आणि त्याच्या हातावर ठेवली.

‘‘घे. पर लवकर आण. जिलबी यायचीय अजून.’’

भूषणने कवळी ओट्याच्या पायरीवर ठेवली आणि मांडवाच्या दोरीला लावलेला दगड काढून तिच्यावर घातला. पहिल्या घावाला लोक हसले. त्यांना वाटलं दात किती पक्के आहेत ते दाखवतोय. दुसऱ्या घावाला हसणं थांबलं. मग तो गुडघ्यांवर बसून गुलाबी तुकडे एकेक करून उन्हाकडे धरून बघू लागला. आत काही नव्हतं. त्याने खूप शोधलं, आणि मग पंगतीकडे वळून तो समजावल्यासारखा म्हणाला, ‘‘काढून घेतला. मी येणार हे त्यांना आधीच कळलं.’’

कुसाबाईंचा मुलगा उठला आणि त्याने भूषणची कॉलर धरली. झटापटीत बाही वर झाली आणि दंडावरच्या जखमा सगळ्यांना दिसल्या.

‘‘सोड त्याला,’’ कुसाबाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे त्यांचे शब्द हवेसारखे येत होते. ‘‘मारू नको. त्याच्या दंडाकडं बघ, कसा खाजवून फोडलाय. आजारी हाय त्ये. पानी द्या, त्याच्या घरी फोन लावा.’’

मग त्या भूषणला म्हणाल्या, ‘‘आता म्या जिलबी कशानं खाऊ रं बाबा?’’

भूषण मांडवातल्या खुर्चीवर बसून राहिला, मुठीत दोन सुळे धरून, आई येईपर्यंत.

विमलाबाईंनी त्याला आधी हॉस्पिटलात नेलं. तिथे त्याला झोपेचं औषध दिलं, सलाइन लावलं, आणि डोकं थोडं ताळ्यावर आल्यावर मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागांमधल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. पहिला आठवडा भूषण फक्त झोपला आणि जेवला. महिनोन्‌महिन्यांची उधारी शरीर एकदम वसूल करत होतं. केंद्रातली वांग्याची भाजी तो अशी खायचा की आचारी मुद्दाम बघायला यायचा. इतकी वर्षं तिची कुणी कदर केली नव्हती.

झोप आणि भूक भागल्यावर मात्र खरी पंचाईत सुरू झाली. कशातच काही वाटेना. जेवण, ऊन, टीव्हीवरची क्रिकेट मॅच, आईचा फोन, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. डॉक्टरांनी त्याला समजावलं की या नशेने डोक्यातली आनंदाची तिजोरी ओरबाडून रिकामी केली आहे, ती हळूहळू भरेल, काही महिने लागतील. झोपेसाठी आणि उदासपणासाठी गोळ्या देता येतात, पण दारू किंवा तंबाखूसाठी असतात तशी क्रिस्टलची ओढ मारणारी खास गोळी अजून नाही. बाकीचं काम बोलण्याचं, दिनक्रमाचं आणि धीराचं.

‘‘म्हणजे औषध नाही, नुसतं प्रवचन,’’ भूषण समुपदेशक योगिनीताईंना म्हणाला.

‘‘प्रवचन मी देत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथे ते तुम्हीच देता.’’

खोटं नव्हतं. सकाळच्या गटात सगळे गोल बसायचे आणि एकेकाने आपलं सांगायचं. बहुतेक जण दोन वाक्यांत आटपायचे किंवा रडायचे. भूषणची पाळी आली की मात्र लोक सरसावून बसत. लिंबूपाणी, वाट्यांतले स्क्रू, पाट्याखालची तपासणी, आणि शेवटी कवळी. कवळीची गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागे. दर वेळी ती थोडी वाढायची. दगडाचा धोंडा झाला, पुतण्या शिपायाचा फौजदार झाला. निफाडकडचे सावळीराम नावाचे एक दारू सोडायला आलेले गृहस्थ होते, ते इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा. पहिल्यांदाच केंद्रात करमतंय, असं ते सगळ्यांना सांगायचे. भूषणलाही लोक हसले की छातीत थोडंसं काहीतरी हलायचं. तिजोरीत तेवढीच चिल्लर.

योगिनीताई हसायच्या, पण दात न दाखवता. एकदा गट उठल्यावर त्यांनी त्याला थांबवलं.

‘‘तुमच्या सगळ्या गोष्टींत तुम्ही विदूषक असता,’’ त्या म्हणाल्या.

‘‘होतोच मी ताई. उगाच हीरो कशाला होऊ?’’

‘‘नाही, ते ठीक आहे. मला एवढंच विचारायचं होतं, त्या गोष्टींत स्नेहल कुठे असते?’’

भूषण म्हणाला, ती मनमाडला असते. म्हणताना त्याला वाटलं हा चांगला विनोद झाला. योगिनीताईंनी खुर्च्या उचलायला घेतल्या.

पुढच्या महिन्यात कुटुंबाची सभा होती. प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी येऊन बोलायचं, असा तिथला रिवाज. भूषणच्या घरून विमलाबाई येणार हे ठरलेलं होतं, आणि त्यांच्यामागून आत आली स्नेहल. बारीक झालेली, बालवाडीला जाताना नेसायची तीच साडी. योगिनीताईंनी तिला फोन करून विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती.

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली नाही. बसूनच, मुलांना धडा समजावून सांगावा तशा आवाजात बोलली.

‘‘मी गेले त्या दुपारबद्दल सांगते. सासूबाई येवल्याला लग्नाला गेल्या होत्या. मी पोळ्या करत होते. यांनी बाहेरून स्वयंपाकघराची कडी घातली. म्हणाले, गच्चीवर माणसं आहेत, तू दिसायला नको. मला वाटलं थोड्या वेळाने उघडतील. मी हाका मारल्या, मग गॅस बंद केला आणि बसले. ऊन उतरलं तरी कडी निघाली नाही. मला बाथरूमला जायचं होतं. मी सांगितलं. हे म्हणाले, गप्प बस, तुझ्याच भल्यासाठी आहे. शेवटी मी तिथल्या बादलीत...’’

विमलाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांनाही हे माहीत नसावं, कारण त्यांचा चेहरा भूषणकडे वळला आणि वळलेलाच राहिला.

‘‘अंधार पडल्यावर कडी उघडली. यांनी मला हात लावला नाही, शिवी दिली नाही. तेवढं खरं आहे. पण पूर्ण वेळ दाराच्या पलीकडून माझ्याशी बोलत होते. घाबरू नकोस, मी आहे ना. अगदी गोड आवाजात. विहारात वंदना म्हणतात ना, तोच आवाज.’’ तिने पहिल्यांदा भूषणकडे बघितलं. ‘‘मला अजून त्या आवाजाची भीती वाटते. फोनवर तुम्ही हॅलो म्हणालात तरी.’’

सावळीरामांनी सवयीने भूषणकडे बघितलं, की आता हा काहीतरी म्हणेल. आणि भूषणच्या जिभेवर आलंही होतं. बादलीबद्दलच होतं ते, दोन शब्दांचं, आणि चांगलं बसलं असतं. ते जिभेवर आलं हे त्याला कळलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. कवळी फोडताना निदान डोक्यात नशा होती. आता तर काहीच नव्हतं, वांग्याची भाजी सोडून. त्याने तोंड मिटलं. मग रडूही आलं नाही. नुसताच तो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला, आणि सभा पुढच्या माणसाकडे गेली.

त्या दिवसानंतर गटात कवळीची फर्माईश आली तर तो म्हणायचा, संपली ती गोष्ट. सावळीरामांना फार वाईट वाटलं. आपण घरी जाईपर्यंत तरी चालू ठेवायची होती, असं ते म्हणाले.

केंद्रातून सुटल्यावर भूषणने पहिलं काम केलं ते कुसाबाईंची नवी कवळी. त्यांच्या जबड्याचा जुना साचा लॅबमध्ये होता. या वेळी शिराबिरा काही कोरल्या नाहीत. डबीत घालून तो पळशाला गेला. कुसाबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि आधी हसून दाखवलं. तोंडात दात होते.

‘‘दुसरी केली रं पोरा. तू येशील म्हून कवर थांबू?’’

‘‘बसते का नीट?’’ भूषणने विचारलं.

‘‘तुझ्यावानी नाय बसत. हिरडीला टोचती. पर हिच्यात कुनी बोलत नाय.’’

भूषणही हसला. कुसाबाईंनी डबी ठेवून घेतली, चहा पाजला आणि जाताना म्हणाल्या, ‘‘आता बरा हायेस ना? मग झालं.’’ परतीच्या वाटेवर भूषणच्या मनात जे विचार होते ते फारसे उदात्त नव्हते. ‘टोचते’ या शब्दाने त्याला बरं वाटलं होतं. दुसऱ्या कुणाची कवळी टोचते हे ऐकून सुखावणारा आपण एक सुधारलेला माणूस आहोत, याची त्याने नोंद घेतली.

आणि त्याच महिन्यात तो घसरला. याला काही मोठं कारण असतं तर सांगायला बरं पडलं असतं. स्नेहल फोन घेत नव्हती, पण ते आधीपासूनच होतं. खरं कारण कंटाळा. दुपार होती, काम नव्हतं, मित्राचा फोन आला, आणि भूषणच्या डोक्याने एक वाक्य तयार केलं की शेवटचं एकदा, रीतसर निरोप घ्यायला. माणूस निरोप घ्यायला जातो आणि मुक्काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या इस्त्रीचे स्क्रू काढून वाटीत लावत बसला होता. विमलाबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘वाटी अजून एक देऊ का?’’

भूषणने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, चपला घातल्या आणि रिक्षा करून मखमलाबाद गाठलं. साऱ्या वाटेत त्याने योगिनीताईंसमोर म्हणायचं भाषण तयार केलं. त्यात नालायक, कृतघ्न आणि आईच्या जिवावर उठलेला असे शब्द होते, चढत्या क्रमाने लावलेले. ताई फाटकापाशीच भेटल्या. त्याचे डोळे बघून त्यांना काही सांगावं लागलं नाही.

‘‘कधी घेतलं?’’

‘‘काल. ताई, मी एक नालायक...’’

‘‘काल घेतलं आणि आज आलात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागच्या वेळी तुम्हाला लोकांनी आणलं होतं. या वेळी स्वतः आलात, हे चांगलं केलंत. बहुतेक जण एकदा तरी घसरतात. जा, आत जाऊन चहा घ्या आणि झोपा.’’

‘‘भाषण?’’ भूषण म्हणाला. ‘‘वाटेत केलं होतं मी.’’

‘‘उठल्यावर ऐकते.’’

उठल्यावर त्याला त्यातला एकही शब्द आठवला नाही. या खेपेला तो केंद्रात थोडेच दिवस राहिला. पण बाहेर पडल्यावर दर आठवड्याला गटाला जायचं, मित्राचा नंबर बंद करायचा आणि दुपारी एकटं बसायचं नाही, एवढं पक्कं ठरवून घेतलं. स्वतःचा गाळा त्याने सोडला आणि सिडकोतल्या एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी धरली. तिथे संध्याकाळी शटर पडलं की काम बंद, अजिंठ्याचे शिल्पकारसुद्धा घरी. त्याच्या तोंडातले तुटके दात डेंटिस्टने काढून टाकले आणि त्याची कवळी त्याच लॅबमधल्या एका पोरीने केली. कवळी बसली, पण ‘स’ म्हणायचा की शिट्टी यायची. सवय होईल, असं तो इतकी वर्षं साऱ्या गिऱ्हाइकांना सांगत आला होता. आता त्याला कळलं की हे ऐकून माणसाला सांगणाऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दर रविवारी तो मनमाडला जायचा. स्नेहलने ‘या’ म्हटलं नव्हतं, ‘येऊ नका’ असंही नाही. सासरे भिकनराव रेल्वेत पॉइंट्समन होते, आता रिटायर. सुरुवातीला ते त्याच्याशी फक्त गाड्यांविषयी बोलायचे. कोणती लेट आहे, कोणती राइट टाइम. स्नेहल ओट्यावर खुर्ची टाकून बसायची, दाराकडे पाठ करून कधीच नाही. तिने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, ‘‘हळू आवाजात बोलू नका माझ्याशी. नेहमीसारखं बोला. ओरडलात तरी चालेल.’’

भूषणने प्रयत्न केला. ‘‘श्नेहल, पाणी दे,’’ तो म्हणाला आणि शिट्टी वाजली. घरात कुणीतरी, बहुधा सासूबाई, फस्सकन हसलं. स्नेहल हसली नाही. पण तिने पाणी दिलं आणि दातांचं काय झालं ते विचारलं, आणि त्याने गोष्ट न करता सांगितलं.

असे पावसाळा, हिवाळा गेले. परत येतेस का, हे भूषणने विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि तसं योगिनीताईंनीही घाई करू नका असं सांगितलं होतं. त्यामुळे त्याच्या भित्रेपणाला उपचाराचं नाव मिळालं. एका रविवारी तो निघायला उठला, तर स्नेहल तिथल्या नव्या बालवाडीसाठी रंगीत कागदाची फुलं कापत होती. तिने मान वर न करता म्हटलं, ‘‘आज राहा. उद्या पंचवटीने जा.’’

मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेस अगदी सकाळी निघते. भिकनरावांनी जबाबदारी घेतली, मी उठवतो. भूषणचं अंथरूण बाहेरच्या खोलीत दिवाणावर घातलं. तिथे पडल्या पडल्या तो विचार करणार होता, की ती राहा का म्हणाली, याचा अर्थ काय, पुढे काय. त्याने विचाराला सुरुवातही केली असावी. पुढचं त्याला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन पायाशी आलं होतं. भिकनराव खुर्चीत बसून त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू त्याने सिग्नल तोडला आहे.

‘‘तीनदा हलवलं जावईबापू,’’ ते म्हणाले. ‘‘चाळीस वर्षं रेल्वेत काढली, माझ्या घरच्या माणसाची गाडी आजवर चुकली नव्हती.’’

भूषणने घाईघाईने उशाची वाटी घेतली, कवळी तोंडात घातली आणि माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्नेहल चहाचे कप घेऊन आली. एक त्याच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

‘‘किती घोरता,’’ ती म्हणाली. ‘‘सगळी गल्ली जागी झाली.’’

‘‘शॉरी,’’ भूषण म्हणाला.

‘‘चहा घ्या. दहाला दुसरी गाडी आहे.’’